जुन्या रुबिडियमचं मीटर रीडिंग कुठे असतं?

तुमचा प्रश्न असा की एलपीआरओ-१०१ (रुबिडियमच्या अणूंच्या आधाराने अचूक फ्रिक्वेन्सी देणारा ऑसिलेटर) सेकंडहँड घेतलं, डबीवर डेटम कंपनीचं लेबल, आतल्या आयसीवर ९८३४, विकणारा म्हणतो "फारसं चाललेलं नाही", आतल्या रुबिडियम लॅम्पचा उजेड दाखवणारं लॅम्प व्होल्टेज ५.८ येतंय, तर हे किती तास चाललं असेल? सरळ सांगतो, तास मोजणारं मीटर यात नाही, त्यामुळे नेमका आकडा कोणीच देऊ शकणार नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

९८३४ म्हणजे १९९८ चा ३४वा आठवडा. ही आयसीची तारीख, युनिट त्यानंतरच जोडलं गेलं. लेबलही जुळतं, हे बनवणारी एफ्राटॉम कंपनी १९९५ मध्ये डेटमकडे गेली आणि डेटम २००२ मध्ये सिमेट्रिकॉमकडे, म्हणजे युनिट त्या मधल्या काळातलं. पण हे झालं जन्माचं वर्ष. ही युनिटं बऱ्याचदा मोबाईलच्या बेस स्टेशनमधून निघालेली असतात, तिथे चोवीस तास चालू, ७ वर्षं धरली तरी ६१ हजार तास झाले. उलट एखादं स्पेअर म्हणून खोक्यातच पडून राहिलेलं असतं, दोघांची तारीख एकच. फरक कळतो तो उष्णतेच्या खुणांवरून. हीटरच्या ट्रान्झिस्टरजवळचा बोर्ड तपकिरी पडलाय का, खालच्या प्लेटवर वाळलेली थर्मल पेस्ट आहे का, कनेक्टरच्या पिना घासल्यात का, हे आधी बघा. लेबल बदलता येतं, करपलेला बोर्ड सहसा कोणी बदलत नाही.

आता लॅम्प. एलपीआरओच्या लॅम्प व्होल्टेजचा मॉनिटर साधारण ३ ते १४ व्होल्टमध्ये असला तर ठीक, ३ च्या खाली गेला की लॅम्पचं काहीतरी बघावं लागतं. वय वाढतं तसं लॅम्पमधलं रुबिडियम हळूहळू काचेत मुरत जातं, प्रकाश कमी होतो, व्होल्टेज उतरतं. पण प्रत्येक युनिटचा सुरुवातीचा आकडा वेगळा असतो, तुमचं ५.८ हे ९ वरून उतरलंय की ६ वरून, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. शिवाय कधीकधी रुबिडियम काचेवर नको तिथे जमतं आणि कमी चाललेला लॅम्पही मंद दिसतो, जपून गरम केलं की परत उजळतो. म्हणून आकडा एकदा घेऊन सोडू नका, युनिट हीटसिंकवर घट्ट बसवून, रोज साधारण त्याच तापमानाला, हाय इम्पिडन्स मीटरने आठवड्यातून एकदा टिपत जा. ३-४ महिन्यांनी जो उतार दिसेल तो खरा पुरावा.

क्रिस्टलचं कंट्रोल व्होल्टेजही बघा. गरम राहून क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी सरकत जाते आणि लूप (क्रिस्टलला रुबिडियमशी जुळवत ठेवणारं सर्किट) तिला या व्होल्टेजने ओढून धरतो, ते व्होल्टेज रेंजच्या टोकाला टेकलं असेल तर युनिट भरपूर चाललंय असं मी धरतो, मधोमध असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

"फ्रिक्वेन्सी किती चुकते त्यावरून वय काढू" असं बरेच जण म्हणतात, मीही केलंय, फसलो. ड्रिफ्ट, म्हणजे फ्रिक्वेन्सीचं हळूहळू सरकणं, सरळ रेषेत जात नाही, सुरुवातीला जास्त आणि नंतर शांत होत जातो, वर कोणीतरी सी-फील्डचा (फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा) ट्रिमर फिरवलेला असतोच. आणि गंमत म्हणजे बंद पेटीतही हवेतलं हीलियम काचेतून रुबिडियमच्या वाफेच्या सेलमध्ये शिरतं नि फ्रिक्वेन्सी सरकवतं, म्हणजे न चाललेलं युनिटही "वय" दाखवतं! तरी जीपीएसच्या एका सेकंदाच्या पल्सशी ताडून ठेवाच, दिवसाला ४.३ मायक्रोसेकंद सरकत असेल तर चूक ५ × १०⁻¹¹ ची. फक्त आधी काही दिवस अखंड चालू ठेवा, पहिल्या तासाचे आकडे धरू नका.

माझ्याकडे एक आलं होतं, लॅम्प छान, विकणाराही खूश, आणि दोन महिन्यांत लॉक (क्रिस्टलची रुबिडियमशी जुळणी) जायला लागला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले निघाले. म्हणजे लॅम्प तरुण असून बाकीचं म्हातारं, तेव्हापासून मी तासांपेक्षा उरलेलं आयुष्य विचारतो.

तुमच्या ५.८ ला घाबरायचं कारण नाही. थंड अवस्थेतून लॉक व्हायला किती मिनिटं लागतात तेही लिहून ठेवा, ४-५ मिनिटांच्या आसपास असेल तर बरं, दर महिन्याला वाढत गेलं तर मला सांगा. तोवर आतलं मॅग्नेटिक शील्ड उघडू नका, नाहीतर मोजमापाचा संदर्भच जाईल.