किक कुठंय, हॉर्न कुठंय? जुन्या रेसिंग गाड्यांवर तुमचे प्रश्न

जळगावात एका बाइक शोरूमवाल्यानं दिवाळीच्या आधी नव्या गाड्या थोड्या मागे सरकवून काचेजवळ चार जुन्या रेसिंग मोटरसायकली लावल्या होत्या, एका पुण्याच्या शौकीन माणसाकडून आणलेल्या. इंग्लंडच्या नॉर्टन मँक्स आणि बीएसए गोल्ड स्टार, जपानची यामाहा टीझेड ३५० आणि चौथी आपली राजदूत ३५०, तीही रेसला तयार केलेली. तेव्हापासून या सदराकडे त्याच विषयाची पत्रं येताहेत. निम्म्या पत्रांत फक्त "केवढ्याला असेल अण्णा" एवढंच आहे, ती मी बाजूला ठेवली, कारण या गाड्यांची किंमत घेणारा किती वेडा आहे त्यावर ठरते. बाकीच्यांतली काही ही घ्या.

नॉर्टनला किक नाही, सेल्फ नाही, लाइट नाही, हॉर्न नाही, स्टँडसुद्धा नाही, लाकडी ठोकळ्यावर उभी केलेली. मग ही चालू कशी करतात, का नुसती शोपीस आहे? आणि नंबर प्लेट पिवळी का, टॅक्सी पासिंग आहे का?
— कॉलेजचा विद्यार्थी, जळगाव

टॅक्सी पासिंग! हे वाचून मी पाच मिनिटं हसत होतो. शोपीस नाही भो, ती ढकलून चालू होते. आपण बॅटरी उतरली की धक्का मारतो ना तसंच, गियर टाकायचा, क्लच दाबून पळायचं, एका बाजूनं सीटवर आदळायचं आणि त्याच क्षणी क्लच सोडायचा. आणि हे काही अडचण आली म्हणून नाही, ग्रांप्रीच्या, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या रेस अशाच सुरू व्हायच्या, झेंडा पडला की सगळे रायडर बंद गाड्या ढकलत पळायचे, इंजिन चालू ठेवून स्टार्ट द्यायची पद्धत १९८७ मध्ये आली. ज्याची गाडी पहिल्या झटक्यात पेटली नाही त्याची अर्धी रेस तिथेच गेली. मग किकचं वजन कशाला वाहायचं? रेसिंग गाडीत सगळा हिशोब हाच असतो, जे रेस जिंकायला लागत नाही ते काढून टाका.

पिवळी पाटी म्हणजे ५०० सीसीचा वर्ग, पिवळ्यावर काळा आकडा. ३५० ला निळ्यावर पांढरा, २५० ला हिरव्यावर पांढरा, १२५ ला काळ्यावर पांढरा. शेजारच्या टीझेडची पाटी निळी होती ती त्यामुळेच.

एवढे बारीक टायर आणि पुढे ड्रम ब्रेक. यावर खरंच २०० च्या वर पळवायचे? आमच्याकडे कन्नड घाटात एबीएसवाली गाडीपण घसरते.
— गॅरेजवाला, चाळीसगाव

पळवायचे. मँक्सचं ५०० चं इंजिन एकच सिलिंडरचं, वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, ताकद साधारण ५० हॉर्सपॉवर, आणि गाडी हलकी. पण तुम्ही गॅरेजवाले आहात तर इंजिनापेक्षा फ्रेम बघायला हवी होती. १९५० साली नॉर्टननं बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी बनवलेली दुहेरी नळ्यांची फ्रेम घेतली, तिला फेदरबेड म्हणतात, आणि त्याच वर्षी जेफ ड्यूक या रेसरनं तिच्यावर आयल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी, म्हणजे तिथली ५०० सीसीची मोठी रेस मारली. समोरच्या कंपन्यांकडे चार सिलिंडरची जास्त ताकदीची इंजिनं होती तरी वळणावर नॉर्टन त्यांना आटपायची नाही, कारण चेसिस सरळ बसलेली.

ब्रेकचं म्हणाल तर तो ड्रम आपल्या मोपेडचा ड्रम नाही, मोठा, हवा आत घ्यायला तोंडं ठेवलेला. तरीपण तापला की कमी व्हायचाच, म्हणून जुने रायडर ब्रेक वाचवून वापरायचे आणि वळणात वेग टिकवायचे.

आणि आयल ऑफ मॅन म्हणजे ट्रॅक नाही, साधा रस्ता, बाजूला घरं, दगडी भिंती, डोंगर. एक फेरी ६० किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या जळगावहून अजिंठा लेणीपर्यंतचं अंतर धरा. १९५७ मध्ये बॉब मॅकिंटायरनं इटलीच्या गिलेरा गाडीवर पहिल्यांदा त्या फेरीत ताशी १०० मैलांची सरासरी ओलांडली, म्हणजे लेणीपर्यंत साडेबावीस मिनिटांत. आणि त्या वर्षी सीनियरच्या अशा आठ फेऱ्या होत्या. वाचून कन्नड घाटात कुणी प्रयोग करू नका, तिथं समोरून ट्रक येतो, टीटीत रस्ता बंद असतो.

रविवारी संध्याकाळी त्यांनी गोल्ड स्टार चालू करून दाखवली तेव्हा एक वेगळाच गोडसर वास आला, काकांच्या स्कूटरच्या धुरासारखा नाही. तो कशाचा? आणि दुसरं, त्या काळात मुली रेसिंग करायच्या का?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, अमळनेर

ताई, वास एरंडेलाचा. तेच, लहानपणी नाक दाबून पाजायचे ते. रेसच्या इंजिनात एरंडेलाचं ऑइल घालायचे कारण ते तापलेल्या धातूला धरून राहतं, त्या काळातलं साधं खनिज ऑइल तेवढ्या तापमानाला पातळ होऊन पळून जायचं. वाईट बाजू अशी की ते जळून डिंकासारखा थर सोडतं आणि खनिज ऑइलमध्ये नीट मिसळत नाही, म्हणून रेस झाली की काढून टाकायचं, इंजिन साफ करायचं. तुमच्या ॲक्टिव्हात घालून बघू नका, आईकडून आणि मेकॅनिककडून दोघांकडून बोलणी बसतील.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण त्याचं उत्तर त्याच गाडीत आहे. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा वाटीसारखा उतरता ट्रॅक होता, तिथं रेसमध्ये ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारली की क्लबकडून सोनेरी ताऱ्याचा बिल्ला मिळायचा. बीएसएवर वॉल हँडली नावाच्या रेसरनं १९३७ मध्ये तो मिळवला आणि कंपनीनं पुढच्या वर्षी गाडीलाच ते नाव देऊन टाकलं. पण त्याच्याही आधी, १९३४ मध्ये, बिआट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईनं ५०० च्या नॉर्टनवर तिथं ताशी १०६ मैलांनी फेरी मारून तो बिल्ला लावला होता. नुसती रायडर नाही हं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानं एकदम खाली मुसंडी मारायची तेव्हा कार्बोरेटर गडबडून इंजिन बंद पडायचं, त्यावर तिनं १९४१ मध्ये पेट्रोलच्या लाइनीत बसवायची एक छोटी भोक पाडलेली चकती काढली आणि तेवढ्यानं वैमानिकांचा मोठा घोर कमी झाला. तुमच्या फिजिक्सच्या सरांना विचारा ही बाई माहितीय का.

अण्णा, त्या यामाहाचे सायलेन्सर मधे फुगलेले आणि शेवटी एकदम बारीक, हाई काय भानगड शे? माझ्याकडे आरएक्स १०० आहे, एक जण म्हणतो तसाच पाइप बनवून देतो, गाडी उडेल. लावू का?
— धुळ्याहून एक भाऊ

भानगड मोठी आहे, नीट बसून वाचा.

टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे वर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीला नुसती भोकं, पिस्टन वरखाली होताना ती उघडतात आणि झाकली जातात. त्यामुळे नवीन पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं तेव्हा बाहेरचं भोक अजून उघडंच असतं आणि त्यातलं बरंचसं न जळताच पळून जातं. आता तो फुगलेला पाइप काय करतो, तर धूर बाहेर पडताना जी दाबाची लाट निघते ती रुंद होत जाणाऱ्या भागात गेली की उलटी ओढ तयार होते आणि जळालेला धूर भराभर खेचला जातो, आणि पुढे निमुळत्या भागावर आपटून तीच लाट परत फिरते आणि पळून चाललेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलून देते, अगदी भोक बंद व्हायच्या आत. म्हणजे पाइपच पंपाचं काम करतो, एकही हलता पार्ट नसताना. मला विचाराल तर त्या शोरूममधली सगळ्यात हुशार वस्तू तीच होती, आणि लोक नॉर्टनच्या टाकीबरोबर सेल्फी काढत होते.

याच्यामागे डोकं पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वाल्टर काडेन यांचं. युद्धात रॉकेट-बॉम्बच्या कामावर असलेला माणूस, हातात पैसा नाही, सामान नाही, तरी १९६१ पर्यंत त्यानं १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर काढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता, त्याचा पहिल्या नंबरचा रायडर अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या ग्रांप्रीतून पळाला, बायकापोरांना गुपचूप पश्चिम जर्मनीत काढलं आणि सगळं ज्ञान घेऊन सुझुकीत गेला. १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता हाच. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांनी जपानच्या सुझुका ट्रॅकवर डेगनर कर्व्ह ऐकलं असेल, ते याचंच नाव. तुमची आरएक्स, शोगन, सगळ्या जपानी टू-स्ट्रोक त्या पळापळीच्या थोड्या तरी देणेकरी आहेत.

आता तुमच्या पाइपचं. ती लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर परत येते. रेसमध्ये इंजिन कायम वरच ठेवतात म्हणून चालतं, धुळ्याच्या आग्रा रोडवर बाजाराच्या गर्दीत तुमची गाडी खाली गुदमरेल आणि वर एकदम उसळेल. पाइपची लांबी, शंकूचा उतार हे सगळं इंजिनाप्रमाणे मोजून काढतात, पत्रा वाकवून डोळ्यानं नाही. वरून कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तेच ठेवले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो, आणि आरएक्सचं ओरिजिनल सिलिंडर आज शोधायला गेलात तर चपला झिजतील. आवाजासाठी पोलीस पकडतील ते वेगळंच. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर कंपनीनंच दिलेत, कार्बोरेटर साफ करा, रीड व्हॉल्व्हच्या पात्या बघा, सायलेन्सरची आतली जाळी काढून कार्बन जाळा. बहुतेकांची "बसलेली" आरएक्स तेवढ्यावरच उठते.

वडिलांची १९८५ ची राजदूत ३५० वीस-एक वर्षं शेडमध्ये झाकून आहे. तुम्ही सांगता त्या प्रदर्शनातली तयार राजदूत बघून मुलगा मागे लागलाय की हीपण तशीच करू, हँडल खाली, सीट एकट्याची, टाकीला नवा रंग. एका मेकॅनिकनं ॲडव्हान्सही मागितला. काय करावं?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

साहेब, ॲडव्हान्स देऊ नका, एवढं आधी.

मुलाचं मन मी समजू शकतो. राजदूत म्हटलं की आपल्याकडे दुधाचे कॅन लावलेली १७५ आठवते, तिचं मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीत, आणि त्याच एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ पासून यामाहाची आरडी ३५० ही राजदूत नावानं काढली म्हणजे बैलाच्या गोठ्यात घोडा बांधल्यासारखं झालं. तिचं बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल, ६४ बाय ५४ मिलिमीटर, शोरूममधल्या टीझेड ३५० चंपण तेच. टीझेडला पाण्याचं कूलिंग आणि ६० च्या आसपास हॉर्सपॉवर, जपानी आरडीला ३९, आणि आपल्याकडे मायलेजसाठी गळा आवळून आधी ३०.५ आणि नंतरच्या 'लो टॉर्क' नावाच्या मॉडेलला २७. पुढचा डिस्क काढून ड्रम दिला तोही इथंच. तरी लोक तिला घाबरले, पेट्रोलला आणि पळण्याला दोन्हीला. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर रेस व्हायच्या तेव्हा याच गाडीनं नाव काढलं, तुम्ही बघितलेली त्याच प्रकारची.

पण रेसला तयार केलेली गाडी आणि रेससारखी दिसणारी गाडी यात फरक आहे. पहिली कुणीतरी पळवून, पडून, जिंकून झालेली असते, दुसरीत फक्त तुमची ओरिजिनल सीट, हँडल, मडगार्ड भंगारात जातं. तुमच्याकडे एका हातातली, न कापलेली गाडी आहे. अशा आता फार राहिल्या नाहीत, कारण सगळ्यांच्या मुलांनी हेच केलं.

आणि काहीही करायच्या आधी किक मारू नका. प्लग काढा, दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग हातानं हळू फिरवून बघा. फिरलं तरी लगेच पेटवायचं नाही, क्रँकचे रबरी सील एवढ्या वर्षांत सुकलेले असणार, तिथून हवा ओढली की मिश्रण पातळ आणि पिस्टन गेलाच. सील बदला, टाकीतला गंज काढा, कार्बोरेटर उघडा, ऑइल पंपाची नळी बघा. रंगाला हात लावू नका, फिका असला तरी तो वडिलांच्या वेळचा आहे. मुलाला हेच काम शिकवा ना, खाली वाकलेल्या हँडलपेक्षा जास्त भाव खाईल कॉलेजात.

मग अशा गाडीला विंटेज नंबर मिळतो का?
— नंदुरबार

२०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि इंजिन-चेसिस-बॉडीत मोठा बदल न केलेली गाडी विंटेज धरतात, दुचाकीपण चालते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढच्या वेळी ५,०००. पण त्या नंबरावर रोज बाजारात जाता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच काढायची. वरच्या साहेबांची १९८५ ची गाडी त्यात २०३५ पर्यंत बसत नाही, त्यांना आरटीओत साधं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर. आणि बघा, सीट कापलेली, इंजिन बदललेली गाडी उद्या ५० वर्षांची झाली तरी तिथं अडकते.

पोरानं नॉर्टनवर बसायचा हट्ट केला तर दुकानवाला ओरडला. एवढं काय बिघडणार होतं?
— चोपडा

टाकी ॲल्युमिनियमची असते दादा, पँटच्या बटणानंही ओरखडा जातो आणि गुडघा जोरात लागला तर खड्डा. ओरडायला नको होतं, पण त्याच्या जागी मी असतो तर मीपण ओरडलो असतो.

लिटरला किती देते?
— शिरपूर

कुठली? चारही? रेसच्या गाडीला लिटरचा हिशोब नसतो, टाकीत किती फेऱ्या निघतील तेवढंच बघतात आणि टीटीसारख्या लांब रेसमध्ये संपत आलं की पिटमध्ये, म्हणजे कडेच्या थांब्यावर, थांबून भरतात. तुम्हाला शेतावर जायला घ्यायची असेल तर स्प्लेंडरच ठेवा.