थंडीत गरवायला (गळाने मासे पकडायला) जाणाऱ्यांसाठी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझा मेहुणा ऐन थंडीत रात्री खडकावर बसून गरवतो. त्याला आपोआप फुगणारे लाइफ जॅकेट भेट द्यायचे आहे. त्यावर १५० आणि २७५ असे आकडे असतात, शिवाय ‘गोळीचे’ आणि ‘दाबाचे’ असे दोन प्रकार दिसतात. कोणते घ्यावे?

आकडा न्यूटनमध्ये असतो. जॅकेट माणसाला पाण्यात किती जोराने उचलून धरते, ते त्यावरून कळते. ५० चे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला नुसते तरंगायला मदत करते. १५० चे जॅकेट बेशुद्ध माणसालाही उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवावे, अशा बेताने बनवलेले असते. अंगावर जाड जलरोधक कपडे असले की त्यांत हवा अडकते आणि शरीर उताणे व्हायला वेळ लागतो. म्हणून फार जड पोशाख करणाऱ्यांसाठी २७५ चे असते. तुमचा मेहुणा नेहमीचे लोकरी थर आणि वर रेनकोटसारखे जॅकेट घालत असेल, तर १५० चे घ्या.

गोळीच्या प्रकारात पाण्याने गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते आणि सुई वायूच्या सिलिंडरला भोक पाडते. खडकावर लाटेचे तुषार सतत अंगावर येत असतील, तर हे जॅकेट नको तेव्हाही फुगते. दोनदा असे झाले की माणूस ते घरी ठेवायला लागतो, आणि घरी ठेवलेले जॅकेट कुणाला वाचवत नाही. दाबाच्या प्रकारात झडप सुमारे १० सेंटिमीटर पाण्याखाली गेल्यावरच उघडते. तुषारांनी किंवा पावसाने नाही. ते महाग असते, पण खडकासाठी तेच योग्य.

जांघेतून जाणारा पट्टा बरेचदा वेगळा विकत घ्यावा लागतो. तो विसरू नका. पट्टा नसला तर फुगलेले जॅकेट कानांपर्यंत वर सरकते आणि माणूस त्यातून खाली घसरतो. जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वर घालायचे. आत घालून फुगले तर छाती आवळली जाते. त्याच मॉडेलचा सुटा सिलिंडर आणि झडपेचा संच सोबत दिलात, तर भेट खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.

‘मला उत्तम पोहता येते’ असे तो म्हणेल. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पडल्याबरोबर धाप लागते आणि पहिली एक-दोन मिनिटे श्वास ताब्यात राहत नाही. त्यात तोंड पाण्याखाली असले तर संपलेच. पुढच्या दहा-एक मिनिटांत हातापायांचे स्नायू गार पडून पोहणे थांबते. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरायला बहुधा अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणजे थंडीने गारठून मरण्याआधीच माणूस बुडतो. म्हणून जॅकेट अंगावर हवे, पिशवीत नको.

प्रश्न : जॅकेट वर्षभर कपाटात पडून होते. चालेल की नाही, कसे तपासावे?

आधी सिलिंडर फिरवून काढा. जॅकेट तोंडाने फुगवलेले असताना गॅस सुटला तर ते फाटू शकते, म्हणून हा क्रम उलटा करू नका. सिलिंडरच्या तोंडावरचा पडदा शाबूत आहे का पाहा. भोक असेल तर तो रिकामा. मग ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून सिलिंडरवर कोरलेल्या वजनाशी ताडून बघा. कमी भरला किंवा गंज दिसला तर बदला.

आता जॅकेट तोंडाने टणक होईपर्यंत फुगवा आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी मऊ लागले तर कुठेतरी गळते आहे. घरी चिकटपट्टी लावू नका, दुरुस्तीला द्या. झडपेवरची मुदतीची तारीख उलटलेली नाही ना आणि खूण हिरवीच आहे ना, ते बघा. हवा काढून सिलिंडर हाताने घट्ट बसवा. सिलिंडर थोडा ढिला राहणे हा सगळ्यात नेहमीचा दोष आहे. बाहेरून काहीच दिसत नाही, सुई मात्र पोहोचत नाही. म्हणून दर वेळी निघण्यापूर्वी हात लावून बघावे.

प्रश्न : तरंगणारा सूट असल्यावर जॅकेट लागते का?

लागते. बहुतेक सूट ५० न्यूटनच्या आसपासचे असतात. ऊब देतात, तरंगवतात, पण बेशुद्ध माणसाला उताणे करतील याची खात्री नसते. शिवाय गळ्याची चेन उघडी आणि मनगटे सैल ठेवली तर थंड पाणी आत खेळत राहते.

प्रश्न : शेवाळलेल्या खडकावर पाय घसरतो. बुटाला खिळे असावेत की फेल्ट?

बुळबुळीत शेवाळावर फेल्ट, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड तळवा, धरतो, पण चिखलात आणि बर्फावर निकामी ठरतो. शिवाय लवकर वाळत नसल्याने एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात नेतो. काही ठिकाणी त्यावर बंदीही आहे. समुद्राच्या खडकासाठी टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवलेला रबरी तळवा आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. गुळगुळीत काँक्रीटवर किंवा धातूच्या जिन्यावर मात्र हेच खिळे घसरतात. माप जाड मोजा घालून घ्या. बूट आवळला तर रक्त खेळत नाही आणि कितीही मोजे घातले तरी बोटे गारच राहतात.

प्रश्न : छोट्या भेटी सुचवा. रॉड द्यावा का?

रॉड नको, रीळही नको. ते ज्याचे त्याने हातात धरून निवडायचे असतात. उपयोगी पडतील अशा वस्तू : लाल प्रकाशाची सोय असलेला हेडलॅम्प आणि त्यासोबत लिथियमचे सेल, कारण साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, बोटे मागे दुमडता येणारे हातमोजे, जाड गळ तोडता येईल अशी मजबूत कातरपक्कड, म्हणजे बोटात रुतलेल्या गळाचा काटा कापून गळ बाहेर काढता येतो, काचेवर धुके न धरणारा पारदर्शक चष्मा, कारण फेकताना दोरी तुटली तर दोरीला बांधलेले शिशाचे वजन बंदुकीच्या गोळीसारखे सुटते. हातात धरायच्या उष्णतेच्या पुड्या आवडतात, पण त्यांतल्या लोहकणांना गरम व्हायला हवा लागते. हवाबंद जलरोधक मोज्यात त्या गार पडतात. कातडीला थेट लावू नयेत, भाजते.

बजेट थोडे मोठे असेल तर फेकायच्या दोरीची पिशवी द्या : तरंगणारी दोरी, सुमारे २० मीटर. कुणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी मारायची नाही. आधी ओरडून त्याला पाठीवर रेलून तरंगत राहायला सांगा आणि सोबत्याला मदतीसाठी फोन करायला लावा. दोरीचे मोकळे टोक घट्ट धरा, पण हाताला गुंडाळू नका. पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेका, म्हणजे दोरी त्याच्या हातावर पडेल. ताण येण्याआधी खाली बसा, पाय खडकाला टेका, नाहीतर ओढ बसल्यावर तुम्हीही आत जाल. त्याला थेट खडकावर ओढू नका. लाट ओसरताना दोरी ताणून धरा, लाट वर आली की ओढा. पहिली फेक चुकली तर दोरी पुन्हा पिशवीत भरत बसू नका. हातात मोकळी वेटोळी घ्या, पिशवीत थोडे पाणी भरून ती जड करा आणि लगेच फेका.