ईट-26 चाचणीत गुण कमी आले, तर खाण्याचा विकार सौम्य समजायचा का?

तुम्ही लिहिलंय, तुमच्या 20 वर्षांच्या भाचीचं वजन उतरत चाललंय, पण ऑनलाइन ईट-26 चाचणीत (खाण्याबद्दलच्या सवयी आणि विचार तपासणारी 26 प्रश्नांची प्रश्नावली) तिला 11च गुण पडले. 20च्या खाली म्हणजे घाबरायचं कारण नाही, असं घरच्यांनी ठरवलंय. मला हे पटत नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. असा आकडा बघून निर्धास्त झालेले आईवडील मला नेहमी भेटतात.

ही चाचणी 1982 साली टोरोंटोत तयार झाली. जाड होण्याची धास्ती वाटते का, सारखं बारीक व्हावंसं वाटतं का, असे प्रश्न तीत आहेत. तुमची भाची म्हणते, 'मला बारीक व्हायचंच नाहीये, दोन घासांत पोट गच्च होतं.' मग तिथे तिला शून्यच मिळणार, आणि ती खोटं बोलत असेलच असं नाही. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी 1993मध्ये ॲनोरेक्सियाच्या (खाणं इतकं कमी करायचं की वजन धोकादायक उतरतं, असा विकार) 70 चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 41 जणांना जाडीची भीती नव्हती. पोट फुगतं, भूकच नाही, ही त्यांची कारणं. शरीराची उपासमार व्हायची ती होतच होती.

उलटंही घडतं. किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींचा अभ्यास 1989मध्ये मांडला, तेव्हा काही प्रश्न मुलींनी आपल्या रीतीरिवाजांप्रमाणे समजून घेतल्याचं दिसलं. 'भूक असूनही खाणं टाळते' यावर संकष्टी धरणारी धडधाकट मुलगीसुद्धा 'हो' म्हणेल. ('एकादशी, दुप्पट खाशी' असा पर्याय चाचणीत नाही!) म्हणून मी उपासाबद्दल खोदून विचारते. चंद्रोदयानंतर ती जेवते का, की तेव्हाही 'भूक मेली' म्हणून ताट सरकवते? उपास वाढले ते वजन उतरायला लागल्यावर का?

तीव्रता मात्र शरीरावरून ठरवा. तुम्ही दिलेली उंची 158 सेंमी आणि वजन 39 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) साधारण 15.6. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या अमेरिकन नियमावलीनुसार ॲनोरेक्सियात 15 ते 15.99 म्हणजे 'गंभीर'. त्यात पाळी बंद झाली असेल, उठताना चक्कर येत असेल, ती लपून उलट्या करत असेल, तर थांबूच नका. उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, मग गुण 11 असोत की 40.

आधी फिजिशियनकडे न्या. क्षयरोग, थायरॉईड, आतड्यांचे आजार यांनीही वजन असंच उतरतं, ते तपासायलाच हवं. ईसीजी आणि रक्तातले क्षार बघून घ्या. मानसोपचारतज्ज्ञांची वेळही त्याच आठवड्यात घ्या, रिपोर्टची वाट बघत बसू नका. आणि आजीला सांगा, लाडू-तुपाचा मारा नको. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर फॉस्फरस झपाट्याने खाली येतो, ते जिवावर बेतू शकतं. आहार किती आणि कसा वाढवायचा, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.