तीर्थनच्या ट्राउटसाठी लँडिंग नेट: आधी झोळी पाहावी, मग फ्रेम

धुळ्याहून एप्रिलमध्ये मेहुण्यांसह हिमाचलातील तीर्थन नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळावर पिसे-दोरा बांधून केलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरायला, जायचे आहे, साडेआठ फुटी चार नंबरचा रॉड घेऊन झाला आहे, आता लँडिंग नेट, म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून घ्यायचे दांड्याचे हातजाळे, लाकडी घ्यावे की रबरी, आणि दोघांत एकच पुरेल का, असा आपला प्रश्न आहे. ‘लाकडी की रबरी’ या शब्दांतच थोडी गल्लत झाली आहे, ती आधी दूर करतो. लाकूड असते ते फ्रेमचे आणि दांड्याचे; रबर असते ते झोळीचे. या दोन वेगळ्या निवडी आहेत, आणि माझ्या मते त्यातली झोळीची निवड इतकी महत्त्वाची आहे की फ्रेमचा विचार तिच्यानंतरच करावा. दुकानात मात्र आपली नजर पॉलिश केलेल्या लाकडावर जाते, आणि तिथेच चूक होते.

मी भुसावळकडचा. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर रोहू, कटला आणि क्वचित मरळ गळाला लावत लहानाचा मोठा झालो. आपल्याकडे तापीकाठी किंवा गिरणाकाठी जाळे म्हटले की त्याचे काम एकच असते: आत आलेला मासा परत पाण्यात जाऊ नये. त्यामुळे जाळे मजबूत आहे ना, एवढेच आपण पाहतो. तीर्थनवर येणारे बहुतेक फ्लायवाले मासा काही क्षण हाताशी घेऊन पुन्हा सोडून देतात, म्हणजे नेटचे काम तिथे नेमके उलटे होते. ते सुटकेच्या वाटेवरचे एक ठिकाण असते. आंबे उतरवायचा झेला आपण पाहिला असेलच. फळ खाली पडून त्याला मार लागू नये म्हणून ती झोळी असते. लँडिंग नेटकडे त्या नजरेने पाहिले की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हे शहाणपण मला पहिल्या खेपेला नव्हते. बाजारातून आणलेले, नायलॉनच्या गाठी मारलेल्या दोऱ्याचे, हतनूरवर वापरलेले नेटच मी बरोबर नेले होते. वर तरंगणारी ड्राय फ्लाय आणि तिच्याखाली दीड-दोन फुटांवर निम्फ, म्हणजे बुडणारी फ्लाय, अशा दोन फ्लाय लावल्या होत्या. निम्फला साधारण वीतभर लांबीची ब्राउन ट्राउट लागली, नेटमध्ये आली, आणि ती वळवळताच वरच्या फ्लायचा गळ जाळ्याच्या दोऱ्यात रुतला. मासा एका गळात, जाळे दुसऱ्यात, आणि मध्ये केसासारखे बारीक टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा दोरीचा शेवटचा तुकडा. ते सोडवायला मला मिनिटाच्या वर वेळ लागला आणि तेवढा वेळ मासा हवेत होता. पाण्यात सोडल्यावर तो कुशीवर कलंडला आणि प्रवाहाबरोबर गेला. माझ्या तळव्याला आणि जाळ्याच्या गाठींना त्याचा चिकट थर लागून राहिला होता.

तो चिकट थर हीच माशाची खरी कातडी, असे म्हटले तरी चालेल. ट्राउटचे खवले अगदी बारीक असतात आणि पाण्यातल्या रोगजंतूंपासून बचाव मुख्यतः त्या थरामुळे होतो. तो जिथे खरवडला जातो तिथे सॅप्रोलेग्नियासारखी बुरशीवजा लागण धरते, आणि काही दिवसांनी बोंडातून कापूस फुटावा तसे पांढरे पुंजके माशाच्या अंगावर दिसू लागतात. संशोधकांनी २००३ मध्ये ब्लूगिल या लहान माशावर वेगवेगळ्या झोळ्यांची तुलना प्रसिद्ध केली होती. तीत गाठींच्या जाळ्यांमुळे पंख झिजणे आणि खवले व चिकटा जाणे हे रबरी किंवा बिनगाठी जाळ्यापेक्षा जास्त आढळले. त्याआधी, १९९२ मध्ये, कॅनडात रेनबो ट्राउटवर झालेला प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. पूर्ण दमवलेल्या माशांना हवेत अजिबात न काढता सोडले, तेव्हा १२ तासांनंतर त्यांतले ८८ टक्के जिवंत होते. ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी फक्त २८ टक्के जगले. तो प्रयोगशाळेतला, माशांना मुद्दाम थकवून केलेला प्रयोग होता, नदीवर परिस्थिती नेहमीच इतकी वाईट नसते. पण झोळीत अडकलेला गळ सोडवण्यात माझे एक मिनिट गेले होते, हे मला तेव्हापासून विसरता आलेले नाही.

म्हणून गाठींच्या नायलॉनची झोळी, ती कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नये. उरतात तीन प्रकार. बिनगाठी मऊ नायलॉनची झोळी हलकी असते आणि माशाला बरी असते, पण बारीक गळ तिच्यातही अडकतात. संपूर्ण रबराची, बहुधा पारदर्शक झोळी माशाला सर्वांत सौम्य असते, तिच्यात गळ जवळजवळ कधीच रुतत नाही, आणि पारदर्शक असल्याने पाण्यात ती माशाला फारशी दिसतही नाही. मात्र ती जड असते आणि दिवसभर पाठीवर वागवताना ते वजन जाणवते. तिसरा प्रकार म्हणजे रबराचा लेप दिलेल्या जाळीची झोळी. गुणांत ती या दोहोंच्या मध्ये आहे, वजनाला हलकी आहे, आणि तीर्थनसारख्या दगडगोट्यांच्या, चालत चालत वर जायच्या नदीसाठी मी हीच सुचवीन. लेप हाताला गुळगुळीत लागतो ना आणि जाळीच्या प्रत्येक छेदावर तो नीट बसला आहे ना, हे बोट फिरवून पाहावे.

झोळीच्या भोकांचा आकार लोक विचारतच नाहीत. भोके मोठी असली तर पाणी चटकन निघून जाते आणि वाहत्या पाण्यात नेट ओढले जात नाही, हे खरे. पण तीर्थनमधल्या बऱ्याचशा ट्राउट लहान असतात आणि त्यांचे तोंड मोठ्या भोकात शिरून कल्ल्याशी अडकू शकते. करंगळीचे टोक जेमतेम जाईल एवढे भोक योग्य. झोळीचा तळ निमुळता नसून सपाट असावा. निमुळत्या झोळीत मासा तळाशी जाऊन धनुष्यासारखा वाकतो, त्याच्या अंगावर सगळीकडून जाळी आवळली जाते. सपाट तळावर तो सरळ पडून राहतो आणि नेट पाण्यातच धरून गळ काढता येतो. खोली वीतभर किंवा थोडी अधिक पुरे. त्याहून उथळ असेल तर मासा उडी मारून बाहेर जातो.

आता माप. याबाबत मी इंचांपेक्षा आपली जुनी मापे सांगतो, कारण ती दुकानात उभ्या उभ्या पाहता येतात. फ्रेमची आतली लांबी हातभर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे १८ इंच; रुंदी वीतभर, सुमारे ९ ते १० इंच; आणि दांडाही वीतभर. अशा नेटमध्ये वीतभर मासा हरवल्यासारखा दिसणार नाही आणि नशिबाने हातभर मासा लागला तर तोही मावेल. यापेक्षा लांब दांड्याची नेट बोटीवरून किंवा उंच काठावरून मासा घेण्यासाठी असतात. आपण गुडघाभर पाण्यात उभे असणार, साडेआठ फुटी रॉड उंच धरून मागे नेला की मासा हाताच्या अंतरावर येतो, तिथे लांब दांडा उलट आडवा येतो. घडीची नेट प्रवासाला सोयीची वाटतात, पण त्यांचे सांधे ऐन वेळी अडकतात किंवा बोट चिमटतात. मला ती आवडत नाहीत. या मापाचे अखंड नेट सॅकच्या बाहेरच्या पट्ट्यात खोवून रेल्वेने सहज नेता येते.

फ्रेमबद्दल थोडक्यात. पातळ पट्ट्या चिकटवून वाकवलेले लाकूड दिसायला सुंदर, हाताला उबदार आणि पाण्यावर तरंगणारे असते. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या कोरड्या हवेत जपून न ठेवल्यास पट्ट्यांचे जोड उघडू शकतात, आणि व्हार्निश अधूनमधून द्यावे लागते. ॲल्युमिनियम स्वस्त व बिनकटकटीचे असते, फक्त दगडावर आपटले की वाकते आणि आवाजही करते. कार्बन फायबरचे सर्वांत हलके, टिकाऊ आणि महाग. पैसे मर्यादित असतील तर ॲल्युमिनियमची फ्रेम आणि उत्तम झोळी, हा जोड मी निःशंकपणे घेईन. बहुतेक झोळ्या फ्रेमच्या भोकांतून दोरी ओवून बसवलेल्या असतात आणि सुट्या झोळ्याही विकत मिळतात; तेव्हा घरात जुने, साधारण याच मापाचे नेट पडून असेल तर पूर्ण नवे घेण्याचीही गरज नाही, झोळी बदलली की काम झाले. माझे सध्याचे नेट असेच आहे: फ्रेम तीच हतनूरची, झोळी नवी.

नेट टांगायचे कुठे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्याने एकदा माझ्या पाठीवर चांगला वळ उमटवला आहे. नेट बहुतेक जण व्हेस्टच्या मागे, मानेखालच्या कडीला अडकवतात. काही नेटना त्यासाठी लवचिक ताणणारी दोरी दिलेली असते. झुडपातून पुढे जाताना झोळी काट्याला अडकते, आपल्या लक्षात येत नाही, दोरी ताणत जाते, आणि मग काट्यातून सुटलेले नेट गोफणीतल्या धोंड्यासारखे पाठीत बसते. त्याऐवजी चुंबकी जोड घ्यावा. दोन चुंबक एकमेकांना धरून ठेवतात, हिसका दिला की नेट हातात येते, आणि काम झाल्यावर मानेमागे नेले की पुन्हा चिकटते. नेट वाहून जाऊ नये म्हणून चुंबकाच्या दोन भागांमध्ये बहुधा गुंडाळीची दोरी असते. ती ताणल्यावर आपला हात पूर्ण पुढे पसरता येईल एवढी लांब आहे, हे घालून पाहावे.

नेट मारायचे नसते, धरायचे असते, हे धुळ्यातच शिकून जावे असे मी सुचवीन. नवखा माणूस माशाच्या मागे नेट घेऊन धावतो, शेपटीकडून झडप घालतो. नेटचा स्पर्श होताच मासा उसळतो आणि टिपेट तुटते. आपल्या रॉडला शोभणारे ५-एक्स (हा जाडीचा क्रमांक) टिपेट जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचे असते. योग्य रीत अशी: झोळी आधी पाण्यात भिजवावी, नेट पाण्याखाली तिरके स्थिर धरावे, रॉड उंचावून माशाचे डोके पाण्याच्या वर आणावे, त्याला डोक्याकडून नेटवर सरकू द्यावे आणि मग नेट उचलावे. तेही झोळी पाण्यातच राहील इतकेच. सरावासाठी अर्धी भरलेली पाण्याची बाटली रॉडच्या दोरीला बांधून एखाद्या उथळ, वाहत्या चारीत सोडावी आणि एका हातात रॉड, दुसऱ्यात नेट घेऊन ती पकडावी. बघणारे हसतील, मला घरची मंडळीही हसली होती. पण पंचवीस-तीस वेळा केल्यावर डावा हात आपले काम शिकतो. गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पक्कडीने दाबून टाकला तर मासा झोळीत असतानाच गळ चिमट्यात निघतो.

नेट घरी ठेवण्याबाबत खानदेशातल्या माणसाला वेगळे सांगायला हवे, कारण उत्पादकांच्या सूचना थंड मुलखासाठी लिहिलेल्या असतात. रबर आणि रबरी लेप यांना ऊन आणि उष्णता सोसत नाही. पत्र्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या झोळीचा लेप एका उन्हाळ्यातही चिकट होऊ शकतो किंवा तडकू शकतो. घरातली सर्वांत थंड भिंत शोधावी आणि तिथे, उंदरांच्या आवाक्याबाहेर, नेट टांगावे. तापी-गिरणेवर वापरलेले नेट तीर्थनला नेणार असाल तर ते धुऊन, पूर्ण कोरडे करूनच न्यावे. एका पाण्यातले रोगजंतू आणि शेवाळ ओल्या झोळीतून दुसऱ्या पाण्यात जातात. एप्रिलच्या आपल्या हवेत सावलीतही ते वाळायला वेळ लागणार नाही.

हिमाचलात ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ बंदीचा असतो, त्यामुळे आपला एप्रिल योग्य आहे. मासा ठेवण्याचा विचार असेल तर किती आणि केवढे ठेवता येतात हे परवाना घेतानाच विचारून घ्यावे, आणि तेवढ्या लांबीवर नेटच्या दांड्याला व फ्रेमला रंगाची खूण करून ठेवावी. म्हणजे पट्टी शोधण्यासाठी मासा हवेत धरावा लागत नाही.

दोघांत एक नेट पुरेल का, याचे उत्तर आपण दोघे कसे मासे धरणार यावर आहे. दोघे दोन वळणांवर वेगवेगळे उभे राहणार असाल तर पुरणार नाही, कारण हाक मारून नेट येईपर्यंत मासा दमतो. पण पहिल्या खेपेला मी एकच नेट न्या असे म्हणेन. एकाने फ्लाय टाकावी, दुसऱ्याने नेट घेऊन त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर, प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभे राहावे, आणि मासा लागला की जागेवरून न हलता नेट पाण्यात धरावे. मासा सुटला तर दोघांनी आपापसांत जागा बदलावी. मेहुण्यांशी हे आधीच ठरवून घ्यावे, कारण पाण्यात उभे राहून कोणाची पाळी आहे हा वाद घालणे थंडीमुळे फार अवघड जाते.