बुरशीतलं जादा गुणसूत्र पुढच्या पिढीत निम्म्यांनाच मिळतं का?

हिशेबाने निम्म्यांनाच मिळायला हवं, पण नेहमी तसं होत नाही. गव्हाच्या पानांवर डाग पाडणारी झायमोसेप्टोरिया ट्रिटिसी ही बुरशी घ्या. तिची 13 गुणसूत्रं कायमची. अभ्यासातल्या नेहमीच्या वाणात आणखी 8 जादा, ती नसली तरी बुरशी जगते. संकरात जादा गुणसूत्र एकाच पालकाकडे असेल तर त्याला जोडीदार नसतो. मग संकरातून तयार होणाऱ्या 8 बीजाणूंच्या (म्हणजे बुरशीच्या पुढच्या पिढीच्या) पिशवीत ते चौघांतच उतरावं ना? पण ते मादीची भूमिका करणाऱ्या पालकाकडून आलं असेल, तर बऱ्याचदा आठही बीजाणूंत सापडतं! अर्धसूत्री विभाजनाच्या, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या वेळी बिनजोडीच्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत निघत असावी, असं संशोधकांचं म्हणणं. नराकडून आलं तर ही चलाखी चालत नाही. आणि दोन्ही पालकांकडे असलेलं, जोडी जमलेलं गुणसूत्रसुद्धा कधीकधी वाटेत गळतं.