कोकणातल्या बंद घराच्या लाकडी दारा-खिडक्यांना मॅग्नेटिक डोअर सेन्सर लावले तर पावसात उगाच अलार्म वाजतो का?

वाजतो. आणि वाजला की रात्री बॅटरी घेऊन ज्याला धावावं लागतं तो शेजारी मी आहे, म्हणून लिहितोय.

राजापूरकडे आमच्याच आवारात थोरल्या काकांचं घर आहे. गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूप. चुलतभाऊ डोंबिवलीला. त्याने वायरलेस सेन्सर मागवले (एक भाग चौकटीला, चुंबकाचा भाग दाराला) आणि मेच्या सुट्टीत डबल टेपने स्वतःच चिकटवून गेला. म्हटलं, दादा, स्क्रू मार. तर म्हणे, आजोबांच्या सागवानाला भोकं कशाला पाडायची? आषाढात दार फुगलं. मधल्या कडीने फळी धरून ठेवलेली, त्यामुळे पीळ पडून वरचा कोपरा चौकटीपासून बोटभर सुटला. सेन्सर नेमका तिथेच. अलार्मचं पॅनल, म्हणजे मुख्य डबा, सिमकार्डवालं आणि आत बॅटरी, म्हणजे लाईट गेली तरी बोंबलायला मोकळं. त्याचा फोन दादाला, दादाचा मला, "जरा बघून ये रे." विजा चमकतायत, पायवाटेला गुडघाभर गवत, आणि समोर कुलूप जसंच्या तसं. मग मागच्या खिडकीची टेप ओलीने सुटली, लोहचुंबक खाली. परत "जरा बघून ये रे."

सेन्सरचा यात दोष नाही. चौकटीवरच्या भागात काचेच्या नळीत दोन पत्त्या सीलबंद असतात. चुंबक जवळ असेतो चिकटलेल्या, लांब गेला की सुटतात. खारी हवा त्यांचं काही वाकडं करत नाही. हिरवे पडतात ते बाहेरचे वायरीचे स्क्रू. साध्या सेन्सरला अंतर चालतं १५ ते २० मिलिमीटर, आणि आपल्याकडचं जुनं दार जुलैत तेवढं सहज हलतं. म्हणून अंतर मेमध्ये मोजूच नका, भर पावसात मोजा. सेन्सर वरच्या कोपऱ्यात नको. कडीच्या उंचीवर, पण तिच्या लोखंडापासून चार बोटं लांब. जास्त अंतर झेपणारा हवा तर रोलिंग शटरला लावतात तो धातूचा घ्या. खिडकीचे गज लोखंडी असतील तर चुंबकाखाली प्लास्टिकची पट्टी द्या, नाहीतर गजच त्याचा जोर खातात. स्क्रू स्टेनलेसचे. वायर ओढता येत असेल तर वायरवालाच लावा, जोड सोल्डर करून वर स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची नळी, चढवा. आणि सागवानाला भोकं नकोत म्हणणाऱ्यांनी सांगावं, कुलपाचा कोयंडा काय आजोबांनी टेपने चिकटवला होता?

सिमेंटचं घर, ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतील तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, वायरलेस खुशाल लावा. घर कौलारू असेल तर मात्र चोर चार कौलं सरकवून आत उतरेल आणि दारावरचा सेन्सर गप्प बसेल. आत हालचाल टिपणारा मोशन सेन्सर लावतात, पण माळ्यावर वटवाघळं असली की तोही रात्रभर वाजणार. काहीही घ्या, घेण्याआधी किल्ली ज्याच्याकडे ठेवणार त्याला विचारा. मला कोणी विचारलं नव्हतं.