लोकल बंद, झोपही बंद
(वाचकांचे प्रश्न, मे 2021)

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. वय 41, फोर्टला अकाउंट्समध्ये नोकरी. मार्च 2020 पासून घरूनच काम चाललंय. आधी 7:52 ची फास्ट पकडायचो, आता 9:50 ला उठतो, 10 ला लॉगिन, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दात घासतो (हसू नका). पलंगावरच ऑफिस, दिवसाला सहा-सात कप चहा. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर बेड, ऑक्सिजन, प्लाझ्माचे मेसेज पुढे पाठवत बसतो ते तीन वाजतात. हल्ली छातीत धडधडतं, नऊ वर्षांच्या लेकीवर उगाच खेकसतो. मित्राने पंधरा कलमी रुटीन पाठवलं, काढा, सूर्यनमस्कार, डायरी वगैरे, चौथ्या दिवशी बोंबललं. हे डिप्रेशन आहे की नुसता आळस?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आळस नाही हो. लोकलला आपण वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, पण ती तुमचं घड्याळ होती. सकाळचं ऊन, पुलाचे जिने, डब्यातल्या गप्पा, आणि ऑफिस ते घर हा मधला तास, ज्यात डोकं थंड व्हायचं, हे सगळं फुकटात मिळत होतं आणि ते गेलं तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. फेब्रुवारीत सगळ्यांसाठी सुरू झाली म्हणेपर्यंत एप्रिलमध्ये परत बंद.

पंधरा कलमं सोडा, एकच धरा: उठायची वेळ. झोपायची नाही, कारण झोप हुकमावर येत नाही, उठणं मात्र गजर लावून जमतं. सात म्हणजे सात, रविवारीसुद्धा. उठलात की अर्ध्या तासात उजेडात जा, सकाळचा उजेड डोळ्यात गेला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोप त्यावरच ठरते. सध्याच्या लॉकडाऊनमध्ये (मे 2021) दुकानं सकाळी 7 ते 11 उघडी आहेत ना, मग दूध तुम्हीच आणा, मास्क लावून, आणि लिफ्ट नको. पहिले चार-पाच दिवस वैताग येईल, दुपारी डोळे मिटतील, तेव्हा वीस मिनिटांच्या वर लवंडायचं नाही.

चहा दुपारी तीननंतर बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री नऊचा कप दोन वाजतासुद्धा अंगात असतो. धडधडीत त्याचा वाटा असू शकतो, तरी एकदा बीपी आणि थायरॉइड बघून घ्या, कोविड होऊन गेला असेल तर ईसीजीसुद्धा, सगळंच मनावर ढकलू नका.

आता ग्रुप. सोडा असं मी सांगणार नाही, लोक खरंच मरतायत आणि तुमच्या एका फोनने कुणाला सिलेंडर मिळाला असेल. पण रात्री दोनला फिरणारा मेसेज बऱ्याचदा सकाळचाच असतो, तो बेड कधीच भरलेला असतो. आळीपाळी लावा, रात्री नऊनंतर दुसरं कोणीतरी बघेल, आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. (मी स्वतः हे तिसऱ्या प्रयत्नात जमवलं, फरसाणाचा डबा अजून सुटलेला नाही.)

डिप्रेशनचं म्हणाल तर पत्रावरून नाही सांगता येत. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, तर सायकियाट्रिस्टना दाखवा, फोनवरही बोलता येतं. गोळ्या लागल्या तर घ्यायच्या, बीपीच्या घेतोच की. आणि जगणं नको वाटायला लागलं तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा, किंवा सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 (2021 मध्ये किरण होती) लावा, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात.

लेकीला मात्र आजच सांगून टाका की बाबाची झोप होत नाहीये, तुझं काही चुकलेलं नाही. मुलं अशा वेळी स्वतःलाच दोष देत बसतात.

आणि तो लॅपटॉप पलंगावरून उचला. टेबल नसेल तर इस्त्रीचं चालतं, माझं वर्षभर तेच आहे.